खालच्या बाई

पडदेवाल्या काकूंनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून केल्या. पडदे शिवले, आणि वरच्या मजल्यावर पियानो सुरू झाला की छताला ठोकलं. ठोकायला पडद्याच्या लाकडी दांड्या हाताशी असायच्याच. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि डोक्यावर एक संगीतकार. हा गृहस्थ एकच ओळ घेऊन दुपारभर घोळत बसायचा आणि काकूंच्या टाक्याची लाईन वाकडी व्हायची. आपल्या शिलाई मशीनची घरघर मात्र काकूंना कधीच ऐकू आली नाही.

संगीतकार वारले. पुढे त्यांच्यावर माहितीपट करायला मंडळी आली, ती खाली काकूंकडेही आली. काकूंनी दुकानातला सर्वांत भारी मखमली पडदा मागे टांगला आणि त्याच्यापुढे ताठ बसून त्या बोलल्या. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं कशाला बोला, म्हणून भरभरून गोडच बोलल्या. कॅमेरावाले गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, की हे सगळं नक्की कुणाबद्दल चाललं होतं. त्या दिवशी काकांना दुसरा चहा मिळाला नाही.

पहिल्या खेळाचं आमंत्रण आलं तेव्हा काकूंनी गिऱ्हाइकांना तर सांगितलंच, वर नणंदेलाही मुद्दाम बोलावून घेतलं. लग्न झाल्यापासून नणंदेनं त्यांना कशात म्हणून चांगलं म्हटलं नव्हतं. आज तिला दाखवून द्यायचं होतं, अक्षरशः पडद्यावर.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत जाणकार बसले होते. सूर लागायच्या आधीच त्यांच्या माना डोलायला लागत. काका संगीतकाराच्या बालपणातच झोपी गेले. मग संगीतकारांची एक जुनी मुलाखत सुरू झाली.

"माझा पहिला श्रोता खालच्या मजल्यावर राहतो," संगीतकार अगदी शांतपणे सांगत होते. "त्या बाई पडद्याच्या दांडीनं छताला ठोकतात. एकदा तर माझ्या पायाखालची फरशी हलली."

आणि लगेच पडद्यावर काकू आल्या, मखमलीपुढे. "त्यांच्या सुरांनी आमचं घर भरून जायचं," त्या म्हणत होत्या. "त्रास असा कधी झालाच नाही."

सभागृहात हशा उसळला. लोक मांड्यांवर हात मारून हसत होते. पुढचा एक जाणकार शेजाऱ्याला म्हणाला, की असल्या बाईला कलेची शत्रू म्हणून इमारतीबाहेर काढायला हवं होतं. काकू खुर्चीत इतक्या खाली घसरल्या, की मागच्याला छान दिसायला लागलं. हशानं काका जागे झाले, समोर बायको दिसली म्हणून एकटेच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. नणंद हसली नाही. तिनं फक्त सावकाश मान वळवून काकूंकडे पाहिलं, आणि ते जास्त लागलं.

पण मुलाखत संपली नव्हती. एक संथ भाग लिहीत असताना कितीतरी दिवस खालून एकदाही ठोकणं आलं नाही, असं संगीतकार म्हणाले. "मी ओळखलं, हे बाईंपर्यंत पोचलंय. मग त्यातला एकही सूर बदलला नाही."

तो संथ भाग वाजला आणि सभागृहात रुमाल निघाले. मघाचा जाणकारही चष्मा पुसत होता. नणंद काकूंकडे वाकली आणि चक्क आदरानं म्हणाली, "वहिनी, तुम्हाला इतकं कळतं, कधी बोलला नाहीत ते."

काकूंना घाम फुटला. ते दिवस त्यांना चांगले आठवत होते.

खेळ संपल्यावर दिग्दर्शकानं काकूंना हेरलं, टाळ्यांच्या गजरात उभं केलं आणि माईक हातात दिला. तो संथ भाग खाली ऐकताना काय वाटायचं, असं त्यानं विचारलं. दोन गोड वाक्यं जिभेवर तयार होती. पण गोड बोलून काय होतं ते त्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

"मी घरी नव्हते," काकू म्हणाल्या. "मुलीच्या बाळंतपणाला गेले होते."

जाणकारांच्या माना जिथल्या तिथे थांबल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खळखळून हसणं ऐकू आलं. संगीतकारांची बायको, वरच्या वहिनी, डोळे पुसत उभ्या राहिल्या.

"यांना काय माहीत," त्या काकूंकडे बोट दाखवत म्हणाल्या. "खालून आवाज नाही म्हणून ते कासावीस झाले होते. जिन्यात जाऊन कान लावून यायचे. बाई आजारी नाहीत ना, म्हणून मला विचारायचे. पुढचं सुचतच नव्हतं त्यांना, म्हणून तर तो भाग इतका संथ झाला."

मग मात्र सगळे हसले, काकूसुद्धा. जाणकारांत तिथेच वाद जुंपला, की आता त्या भागाचा अर्थ काय लावायचा. नणंदेनं आदर परत घेतला, पण सगळा नाही.

घरी जाताना काकू आणि वहिनी पुढे चालत होत्या. इतकी वर्षं वर-खाली राहून दोघींत पाण्याच्या वेळेपलीकडे बोलणं नव्हतं. काकूंनी दांडीबद्दल माफीचा विषय काढला, तर वहिनींनी तो उडवून लावला.

"खरं सांगू? पुष्कळदा मलाही ठोकावंसं वाटायचं," त्या म्हणाल्या. "पण मी त्याच खोलीत असायचे."

इमारत आली तरी गप्पा संपेनात. दोघी जिन्याच्या पायरीवरच टेकल्या. काकूंच्या दारासमोर काका आणि नणंद ताटकळत उभे होते; किल्ली काकूंच्या पर्समध्ये होती, आणि मागायला जायची हिंमत दोघांनाही होत नव्हती.