एक शब्द, दोन गाठी

एका मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या चुलत्यांच्या डाव्या पोटरीत रक्ताची गाठ असल्याचं सांगितलं. तोपर्यंत बीड जिल्ह्यात चुलत्यांनी मोजली नाही अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं शरीर.

मोजणी खात्यातून निवृत्त होऊनही त्यांची मोजणी थांबली नव्हती. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत मांडव पावलांनी मोजून होई. नारायणगडावर दर्शनाआधी ते रांग किती फूट आहे ते पाहून येत. चौसाळ्यातल्या शेजाऱ्याकडे जेवून हात धुताना एकदा सहज म्हणाले, "तुमची चूल आमच्या हद्दीत हाय. पण भाकरी चांगली होती, राहू द्या." काकू सांगायची, बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्या नावाआधी ओसरीची लांबी विचारली.

पोटरी सुजल्यावर त्यांना नवं काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ टेप लावून घेर बघायचा आणि काकूला ओरडून सांगायचा. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का, लांबचा प्रवास झाला का, अंथरुणाला खिळला होतात का. यातलं काहीच नव्हतं. मग डॉक्टर मला म्हणाले, कारण नसताना असं झालं की कधी कधी आत दुसरंच काही लपलेलं असतं. पोटाचा स्कॅन करून कुठे गाठ आहे का ते बघू. शिकलेली म्हणून घरी समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. मीही 'गाठ' एवढंच सांगितलं. औषधांनी सूज उतरली.

"गाठ इरघळली की," चुलते म्हणाले. "आता पोटात कावून हुडकायची?"

मला ते पटलं. मीही एकच गाठ धरून चालले होते.

दोन महिन्यांनी तेच उजव्या पायात झालं, मग दंडात. "बांध सरकाया लागला," असं म्हणून ते हसले. तेव्हा कुठे स्कॅन झाला. स्वादुपिंडात कर्करोग होता आणि तो पसरला होता. रक्ताची ती गुठळी होती, शोधायची गाठ वेगळी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्या उशाशी बसून मी हे कबूल केलं.

"तुजी चूक न्हाई, पोरी. सातबारा एक अन् रानं दोन, असले घोळ मी लई बघितलेत."

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. काकू चौसाळ्यात एकटी राहते. रविवारी मी तिच्याकडे जाते.