प्रेसला झूल

किश्श्यांचं एक असतं. घडतात तेव्हा डोक्याला ताप वाटतात, आणि नोकरी सुटली की एकेक करून चहाला येऊन बसतात. शेंद्र्याच्या कारखान्यातले माझे किस्से असेच साचलेत.

माझी शाळा लांबच्या डोंगरातल्या बोर्डिंगात झाली, कॉलेज दिल्लीत. औरंगाबादला परतून या कारखान्यात कामगार अधिकारी झाले ती मजुरांचं आयुष्य बदलायच्या तयारीनंच! बिहार-ओडिशातून आलेली बिचारी माणसं कोपऱ्यात गप्प बसत असतील, त्यांना मी मराठी शिकवीन, धीर देईन, असं सगळं ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी प्रेस मशीनवरून बिहारी सुरात हाक आली, "ओ मॅडमजी, तिकडं नका जाऊ, तेल सांडलंय लई!"

तोवर मी आडवी झाले होते. धीर त्यानंच दिला.

* * *

तो बिंदेश्वर, बिहारातल्या छपऱ्याचा. त्याला मराठी शिकवली होती त्याच्या जोडीदारानं, भानुदास तात्यांनी. तात्या शेंद्र्याचेच. आमची शेड उभी होती तिथं पूर्वी त्यांची तूर असायची. दोघं एकाच प्रेसवर, एक पत्रा सरकवायचा, दुसरा उचलायचा.

तात्या मात्र बिंदेश्वरशी हट्टानं हिंदीत बोलत. "अरे बिंद्या, मेरेकू वो पाना दे. कायकू खडा है?"

बिंदेश्वर एकदा म्हणाला, "तात्या, ई कौन देस का हिंदी है?"

"निजामाच्या वक्ताची हाय! तुमच्याकडं अजून पोचली नसंल!"

* * *

बिंदेश्वर डब्याच्या सुट्टीत बायकोला फोन करायचा. बोलायचा भोजपुरीतच, पण प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणायचा. एक दिवस स्पीकर चालू राहिला आणि तिकडून संशयानं भरलेला आवाज आला, "बगल में के बा?"

तात्यांनी घास खाली ठेवला, फोनकडे वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "म्या हाय, वहिनी."

* * *

माझ्या स्वतःच्या मराठीला बोर्डिंगाचा वास होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही यूपीच्या का?"

"अहो, मी औरंगाबादच्या छावणीची! इथलीच!"

"मग अशा कामून बोलता?"

ओडिशाचा दुष्मंत पॅकिंगला असायचा. तो मायेनं म्हणाला, "राहू द्या तात्या. मॅडोम पोण बाहेरगावच्या. आपोल्यातल्या."

घरी जाऊन मी आईसमोर "व्हय" म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "बरी आहेस ना?"

* * *

आमचे मॅनेजर, म्हणजे साहेब, यांना ही सरमिसळ पसंत नव्हती. "एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. उद्या कुणाचा हात गेला तर? इथले दिवसपाळीला, बाहेरचे रात्रपाळीला. तुम्ही तशा शिफ्ट लावा." शिफ्ट लावणं माझं काम. तात्या-बिंदेश्वरची जोडी फुटणार होती, आणि बिंदेश्वर कायमचा रात्रीत जाणार होता. मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या.

खरं तर सुरक्षेच्या सूचना मी तीन भाषांत लावल्या होत्या. वाचत कुणीच नसे. तात्यांची एकच सूचना होती, "ए हात!" ती ऐकली की शेडमधले सगळे हात झटक्यात मागे! बिंदेश्वरची "ए हाऽथ!" आणि दुष्मंतची "ए हातो!" तितकीच चालायची. साहेब पाहणीला आले आणि सहज प्रेसच्या टेबलावर टेकू लागले, तेव्हा तिन्ही एकदम आल्या.

साहेबांनी हात खिशात घातले आणि पाहणी संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

* * *

छठच्या सणानंतर बिंदेश्वर गावाहून ठेकुआ घेऊन आला. गूळ-कणकेचा, तुपात तळलेला, चांगलाच खणखणीत. तात्यांनी कवळी सांभाळत एक चावून पाहिला.

"बिंद्या, हे खायाचं का प्रेसला लावायाचं?"

डबा मात्र त्यांनीच घरी नेला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दुधात बुडवलं. लई ग्वाड."

* * *

आणि मग सतरा सप्टेंबर आला. आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यांची विश्वकर्मा पूजा. सकाळी अंगणात झेंडावंदन झालं. बिंदेश्वरनं प्रेसला झेंडू वाहिला, कुंकू लावलं आणि हात जोडून बाजूला उभा राहिला.

"आज हम मसीनला हाथ नाय लावनार, मॅडमजी. बिस्कर्मा बाबाचा दिवस."

बाहेर ट्रक उभा होता, माल आजच जायचा होता. साहेब खाली आले. "पूजा झाली ना? चला, बटण दाबा!"

बिंदेश्वर हलला नाही.

"मॅडम, बघा! याच्यासाठीच वेगळ्या शिफ्ट म्हणत होतो. उद्यापासून हा रात्रीला. तात्या, तुमची खंडेनवमी लांब आहे, तुम्ही चालवा प्रेस."

सगळी शेड तात्यांकडे बघू लागली. बिंदेश्वरही.

"आलो," म्हणून तात्या मोटारसायकलवरून गावाकडे गेले. साहेब घड्याळ बघत राहिले. तात्या परत आले ते पोतं घेऊन. पोत्यातून त्यांनी झूल काढली, भिंगं लावलेली, घड्यांवर विरलेली. जमीन गेल्यावर त्यांनी बैल विकले होते. पोळ्याचा साज विकला नव्हता.

झूल त्यांनी प्रेसवर पांघरली. वर बाशिंग बांधलं. घुंगरमाळ कुठं अडकवावी ते कळेना, तेव्हा बिंदेश्वर पुढे झाला आणि दोघांनी मिळून ती हँडलला बांधली. तात्या लांब उभे राहून बघत होते.

मग साहेबांकडे वळून म्हणाले, "सणाच्या दिशी सजलेला बैल कुणी जुपतं का, साहेब? तुम्ही जुपून दाखवा. म्या कासरा धरतो."

साहेबांनी प्रेसकडे पाहिलं. हात खिशात घातले आणि वर निघून गेले. ट्रक रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या आधी पोचले. शिफ्टच्या फळ्यावर दोघांची नावं एकाच प्रेसपुढे लिहिली, दिवसपाळीत. शेजारी सुट्ट्यांचा तक्ता होता, त्यातही सतरा सप्टेंबरपुढे एक ओळ वाढवली आणि खाली सही केली.

पोळा. प्रेसला सुट्टी.