थॉमझिन दाईचा टाका

थॉर्नमियर गावात तिशीच्या आतलं जे कुणी होतं, ते पहिल्यांदा थॉमझिन रेवेटच्या हातांत रडलं होतं. दाईचं काम सुरू करताना तिने बिशपसमोर शपथ घेतली होती: खरं बोलेन, गरीब-श्रीमंत असा भेद करणार नाही, आणि बाळंतिणीवर आळ येईल असं काही करणार नाही. तेव्हा तिन्ही गोष्टी तिला सोप्या वाटल्या होत्या.

तिने एकटीने केलेलं पहिलं बाळंतपण एव्हिस टिलेटचं. थॉमझिनने घाई केली. मूल मेलेलं आलं आणि एव्हिस वाईट फाटली. आईकडून शिकलेला टाका थॉमझिनने तेव्हा घातला, रेशमाचा, शेवटी तीन वेढ्यांच्या गाठीचा. जखम भरली, पण गाठीच्या जागी वाटाण्याएवढा मांसाचा कोंब राहिला. पुन्हा तिने सुई हातात धरली नाही. पुढची सगळी वर्षं तिने लेपांवर आणि पडून राहण्यावर भागवलं.

एव्हिसने दाईची घाई कुणाला सांगितली नाही. एक शब्द बोलली असती तर थॉमझिनला गावात कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. उलट ती हसून म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याशिवाय ते बघणार कोण गं? आणि तो तर दिव्याशिवायच झोपतो." त्या दिवसापासून दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या. थॉमझिनची लेक सिसली बोलायला लागली तेव्हा पहिली हाक तिने एव्हिसमावशीलाच मारली.

राजा आणि पार्लमेंट आपापसांत लढत होते त्या उन्हाळ्यात विधवा एव्हिस गिरणीवाल्याच्या घरी ताक मागायला गेली. गिरणीवालीने नाही म्हटलं. एव्हिस काहीतरी पुटपुटत परतली. आता रिकामं भांडं घेऊन परतणारी म्हातारी पुटपुटणार नाही तर काय स्तोत्रं गाणार? पण तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्याची गाय आटली, आठव्या दिवशी त्याच्या धाकट्या पोराला झटके यायला लागले, आणि गावाला ते पुटपुटणं एकदम स्पष्ट आठवायला लागलं. कुणी म्हणालं, तिच्या परसात काळं मांजर येतं. मांजर थॉमझिनच्याही परसात यायचं. ते मात्र त्या आठवड्यात तिने दगड मारून हाकललं.

सैतान आपल्या बायकांचं रक्त पितो, पितो तिथे त्यांच्या अंगावर स्तन येतो, आणि त्या जागी टाचणी टोचली तरी कळत नाही, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून एव्हिसला तपासायचं ठरलं. तपासायला दाई हवी, आणि साक्षीला कोतवालाची बायको उर्सुला.

कोतवालाच्या स्वयंपाकघरात भर दुपारी एव्हिसला उघडी केली. थॉमझिनला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं बाई तू आलीस. मी म्हटलं कुणाला धाडतात कोण जाणे. अगं, हात किती गार तुझे! शेकून घे ना आधी."

थॉमझिनने हात शेकले नाहीत. तो कोंब कुठे असणार ते तिला न बघताही सांगता आलं असतं. उर्सुलाने वाकून पाहिलं आणि टाचणी पुढे केली. थॉमझिनने टोचली. जुना व्रण तो, त्याला कसली जाण?

"टोचलीस का?" एव्हिसने साधेपणाने विचारलं.

उर्सुला मागे सरली.

कपडे घालून एव्हिसला पुढच्या खोलीत नेलं. तिथे न्यायाधीशसाहेब बसले होते. गिरणीवाली दाराशीच उभी होती, आणि "या दोघी कायम एकत्र असतात" हे ती सकाळपासून दहादा बोलली होती. दाया मेलेली मुलं सैतानाला देतात, अशाही गोष्टी त्या उन्हाळ्यात फिरत होत्याच.

"दाई, हिच्या अंगावरचं हे निसर्गाचं आहे का?"

"नाही, साहेब."

"बाळंतपणात झालेलं असू शकतं?"

"अगं सांग ना त्यांना," एव्हिस म्हणाली. तिला अजून भीती वाटत नव्हती. "तूच शिवलंस ना."

थॉमझिनने खाली पाहिलं. "मूल गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब. मी काही शिवलेलं नाही."

"थॉमझिन?" एवढंच एव्हिस म्हणाली.

ऑगस्टमध्ये बेरी गावी तिला फाशी दिली. गिरणीवाल्याचं पोर त्याआधीच हिंडायला लागलं होतं.

थॉमझिनचा मान वाढला. शेजारच्या तीन गावांतून तिला तपासायला बोलावणी आली, आणि ती गेली. नाही म्हटलं तर का म्हणून कुणीतरी विचारणार होतं. पण बाळंतिणींच्या खोल्यांतलं बोलणं बदललं. पूर्वी बाई शुद्धीवर आली की विचारायची, मुलगा की मुलगी? आता आधी विचारायची, "खूण तर राहणार नाही ना?"

दोन वर्षांनी सिसली बाळंत झाली. सकाळची वेळ होती. रिवाजाप्रमाणे शेजारणी जमल्या होत्या आणि उर्सुला उशाशीच बसली होती. मुलगी झाली, धडधाकट, खणखणीत आवाजाची. पण सिसली फाटली होती आणि रक्त थांबेना. लेप वाहून गेला, कापडं भिजली. थॉमझिनने पेटीच्या तळातून रेशीम काढलं. तीस वर्षांनंतरही बोटं काही विसरली नव्हती. तीन वेढे, गाठ. रक्त थांबलं.

"आई," सिसलीने बाळाकडे पाहिलंही नाही. "खूण राहील का?"

खोलीतल्या बायकांनी माना वळवल्या. उद्या कुणाची गाय आटली, तर? लेकीला वाचवायला साक्षीदार हवा होता, आणि तो आत्ता, सगळ्यांसमोर हवा होता.

"राहील," ती मोठ्याने म्हणाली. "इथे वाटाण्याएवढा कोंब येईल. तो माझ्या गाठीचा असेल, दुसऱ्या कशाचा नाही. उर्सुलाबाई, या. नीट बघून ठेवा. कुणी कधी विचारलं तर सांगाल ना?"

उर्सुला उठली. वाकून तिने तो टाका बराच वेळ पाहिला, मग थॉमझिनच्या हातातली सुई पाहिली.

"सांगेन की," ती म्हणाली. "याच जागचा असा कोंब मी आधी पाहिलाय, थॉमझिनबाई."

मग तिने खुंटीवरची शाल काढली आणि नवऱ्याला, कोतवालाला, जेवायला वाढायचंय म्हणून ती घरी निघाली.