तीनच्या आत माघारी या

चूक माझी होती. हे तीन शब्द मी सहा वर्षं तोंडातून बाहेर पडू दिले नाहीत — बायकोजवळ नाही, देवासमोरही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला लिहिणं जरा सोपं जातंय, इतकंच.

मी शिरूरचा. सणसवाडीच्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. माझे साडू, दत्ताभाऊ, पाटसला राहतात. तेव्हा ते साखर कारखान्यात होते. गाळप सुरू झालं की चार-पाच महिने त्यांना सुट्टी नाही. म्हणून त्या वर्षी दसऱ्याला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी आम्ही दोन्ही जोडपी कोकणात गेलो. एका लहानशा बंदरावर फ्लॅट मिळाला होता, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीखाली मच्छीमारांच्या होड्या, समोर खाडी, आणि खाडीपलीकडे देवराई. तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा गावात कुणी उचलत नाही. ऑक्टोबरचं ऊन सगळीकडे रणरणत होतं, त्या झाडांत मात्र भर दुपारी संध्याकाळ होती. पाखरांचा आवाजही तिकडून येत नव्हता.

मी लांबण लावतोय का? लावतोय. हे असंच मी सहा वर्षं केलं.

कोकणात उतरताना घाटात मी गाडी हळू घेत होतो. दत्ताभाऊ मागून म्हणाले, "पाव्हणं, गाडी हाय का बैलगाडी? आवं, मागनं कोंबडी पुढं गेली बगा." सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत जास्त हसली. साडू-साडूंत हे चालायचंच, मीही हसलो. पण ते कुठेतरी आत रुतलं. एवढ्याशा गोष्टीचं? हो — एवढ्याशाच.

रविवारी सकाळी शेवंताताई नाश्ता घेऊन आल्या. फ्लॅटची देखभाल त्याच करायच्या, किल्ल्या त्यांच्याकडेच असायच्या. गॅलरीत मी एकटा होतो. खाडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "दुपारी पाणी उतरलं की राईत चालत जाता येतं. पण तीनच्या आत माघारी या. भरती लागली की आधी ही अलीकडची चर भरते, पलीकडच्या माणसाला कोरडंच दिसत राहतं. सगळ्यांना सांगून ठेवा, हां."

मी हो म्हणालो.

कंपनीत वीस वर्षं माझं कामच ते. सुटणाऱ्या शिफ्टचा निरोप येणाऱ्या शिफ्टला द्यायचा — कुठलं मशीन बंद, कुठली वायर उघडी. एकदाही विसरलो नाही. त्या दिवशीही विसरलो नव्हतो.

जेवण झाल्यावर दत्ताभाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मी पल्याडची राई बघून येतो. येताय का, का पाण्याला भ्याताय?"

तेव्हा सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. आणि मी म्हणालो, "जावा, निवांत या."

काय होतं माझ्या मनात? गुडघाभर भिजतील, ओल्या पँटीनं परत येतील, मग हसायची पाळी माझी. आम्ही घोडनदीकाठची माणसं. पाणी म्हणजे धरणातून सोडलं की वरून येणार, आधी भोंगा वाजणार, काठावरचा माणूस चार पावलं मागे सरणार. समोरून काही न दिसता पाणी पाठीमागे भरत जातं, हे मला ऐकूनही उमगलं नव्हतं. पण ही सबब नाही. तीन म्हणजे तीन, हे उमगायला समुद्र माहीत असावा लागत नाही.

तीन वाजले. दोघी बहिणी आत झोपल्या होत्या. चर भरत होती. लाट नाही, फेस नाही — नुसती रुंद होत होती. चिखलात कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या. राईच्या कडेला पांढरा शर्ट दिसला आणि परत आत गेला. मी हाक मारली नाही. खाली एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्याला नुसतं सांगितलं असतं तरी होडी निघाली असती. साडेतीन झाले. मी काय करत होतो? मजा बघायची वाट पाहत होतो.

दत्ताभाऊ लहानपणापासून विहिरीत पोहलेले. त्यांनी सरळ पाण्यात झोकून दिलं. ओढीनं त्यांना खडकांवर नेलं. खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांनी उजवा पाय टाचेपासून पोटरीपर्यंत फाडला. तेव्हा मी ओरडलो. होडी गेली, जीव वाचला. पण त्यांना मधुमेह. जखम चिघळत गेली आणि दोन महिन्यांनी पाय घोट्यावरून काढावा लागला.

त्या रविवारीच संध्याकाळी फ्लॅटचे मालक आले. "भरतीचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

शेवंताताई दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "नाही. कुणी काही बोललं नाही."

"सकाळी ह्यांनाच सांगितलं मी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

माझी मेव्हणी त्यांच्या अंगावर गेली. "माझ्या नवऱ्याचा जीव जात हुता, आन् वर खोटं बोलताय व्हय?" मालकांनी तिथल्या तिथे किल्ल्या मागितल्या. शेवंताताईंनी कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, साडूच्या काळजीनं.

त्यानंतर दर दिवाळीला मेव्हणी त्या बाईला शिव्या घालायची आणि मी ताटातलं खात राहायचो.

या श्रावणात पाटसला गेलो आणि दत्ताभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कुबडी भिंतीला टेकवली.

"हे त्या बाईला सांगितलं?"

"न्हाई."

"मंग माझ्याकडं काय आलाय? माझा पाय तरी सगळ्यांना दिसतो. तिचं काय गेलं ते कुणाला दिसतंय? आधी तिकडं जावा. तवर माझ्या दारात येऊ नका."

घरी बायकोला सांगितलं. ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते.

दसऱ्यानंतर मी एकटाच त्या बंदरावर गेलो. शेवंताताई जेट्टीवर कोळंबी निवडत होत्या. त्या दिवसानंतर गावातल्या एकाही घरमालकानं त्यांच्या हाती किल्ली दिली नव्हती. आसपास पाच-सहा बायका होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "ओळखलं मी." हात थांबले नाहीत.

मी उभ्यानेच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेवंताताई, त्या दिवशी खोटं मी बोललो. तुम्ही सगळं नीट सांगितलं होतं. ते मी मुद्दाम दाबून ठेवलं, आणि मालकासमोर तुम्हाला खोटं पाडलं. मी तुमचा अपराधी आहे."