पडद्यावरचं माहेरचं नाव

लेकानं पुण्याहून पाठवलेला लॅपटॉप आज मी एकटीनंच उघडला. नव्या प्लास्टिकचा वास आला आणि सेलूतलं ते दुकान आठवलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंसोबत मिक्सर घ्यायला गेले होते. तिथं विकायला मांडलेल्या कॉम्प्युटरचा पडदा निळसर उजळला होता. दुकानदार म्हणाला, "बघा की वहिनी, तुमचं नाव टाईप करून."

एकेक अक्षर शोधत मी 'सुमन' लिहिलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

सासूबाई म्हणाल्या, "सुमन माहेरी. आमच्या घरी वैशाली हाय ती."

मी ओशाळले. त्यानं नाव पुसलं. आज वाटतं, थोडा वेळ राहू द्या म्हणायला हवं होतं. आई गेल्यापासून मला सुमन म्हणणारं कुणी उरलेलं नाही.