लेकीच्या अंगठीचा खडा

आष्ट्यात खडे घासून देणाऱ्या त्या बाईंवर माझा अजून राग आहे. लेकीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी मी मूनस्टोनचा लांबट तुकडा त्यांच्याकडे नेला होता. व्याह्यांना दारातूनच दिसेल एवढा मोठा खडा मला हवा होता.

बाईंनी तुकडा पाण्यात बुडवला आणि वांगं निवडावं तसा बल्बखाली फिरवून पाहिला.

"आवं शेठ, ह्याच्या आतलं चांदणं, त्यो निळा उजेड, एकाच अंगाला हाय. लांबीत घासला तर मोठा हुईल, पर नुसता पांढरा दगड."

"मग थोडं तुमचं, थोडं माझं करा की."

"दगडाला मधला भाव ठाऊक न्हाई, शेठ. जोर केला तर पापुद्रा सुटून दोन तुकडं हुतील."

मी आवाज चढवला. बाईंनी शांतपणे चाक सुरू केलं, त्यात माझं ओरडणं बुडालं. मधूनमधून त्या खडा गालाला लावायच्या, पोराचा ताप बघावा तसा. गरम लागला की थांबायच्या.

शेवटी हातावर हरभऱ्याएवढा खडा आला.

"माझा उरलेला दगड कुठाय?" मी विचारलं.

बाईंनी चाकाखालचा पांढरा गाळ दाखवला. "न्या की. डबा आणलाय न्हवं?"

साखरपुड्यात विहीणबाई लेकीचा हात सोडेचनात. बोट हललं की खड्यातला निळसर उजेड हलायचा, आणि त्या पुन्हा हलवायला लावायच्या.

तरी मी म्हणतो, अजून थोडा मोठा ठेवता आला असता.