चतुराबाईंच्या कॅसेटी

धोंडीबाची आई चतुराबाई महाळुंग्यात राहायची आणि धोंडीबा चिंचवडला, कंपन्यांच्या पाहुण्यांची ने-आण करणारी अँबेसिडर चालवायचा. आई बोलायला बसली की दिवेलागण व्हायची. "तुला कुठं येळ हाय माझं ऐकायला?" हे तिचं पालुपद. शेवटी धोंडीबानं कुठूनसा जुना टेपरेकॉर्डर मिळवला, तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "आये, बोल यात. मी गाडी चालवताना ऐकीन."

चतुराबाईनं मनावर घेतलं. बघता बघता बुटांची खोकी कॅसेटींनी भरली.

पहिली कॅसेट त्यानं घरी लावली, तर बायको कस्तुरानं तडक यंत्र बंद केलं. "आत्याबाई महाळुंग्यात, अन् आवाज माझ्या चुलीपाशी? न्हाई जमायचं!"

म्हणून खोकी गाडीत आली; तिथं टेप होताच. उन्हात फीत तापली की आई मध्येच बाप्याच्या आवाजात बोलू लागायची, त्यामुळं धोंडीबा ती खोकी लुगड्यात गुंडाळून सीटखाली ठेवायचा.

सगळ्या कॅसेटींचा विषय एकच. चतुराबाईचं माहेरचं तांब्याचं घंगाळ धाकट्या दिरानं, चिमाजीनं, लांबवलं. गिऱ्हाइकं आधी बावरली, मग रमली. मुंबईचे एक साहेब दुसऱ्या खेपेला आले, ते बॅग गाडीत ठेवायच्या आधीच विचारते झाले, "घंगाळ मिळालं का हो?"

ही कीर्ती रावेतला चिमाजीच्या कानावर गेली. एके दुपारी तो हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. धोंडीबानं कचकन ब्रेक दाबला. चिमाजी दार उघडून पुढं बसला.

"माझी अब्रू गाडीवर घालून फिरवतोस व्हय रं?"

मागून मुंबईचे साहेब पुढं वाकले. "म्हणजे घंगाळवाले चिमाजी तुम्हीच?"

चिमाजीचा चेहरा पडला. साहेबांनाच वाईट वाटलं. "धोंडीबा, यांचीही बाजू ऐकायला हवी राव," ते म्हणाले.

झालं. टेपरेकॉर्डर रावेतला गेला आणि चिमाजीच्याही कॅसेटी तयार झाल्या. हे कळताच चतुराबाईनं निरोप धाडला, "गाडी घेऊन ये. त्या मेल्यालाबी बशीव."

मागच्या सीटवर दोन खिडक्यांना दोघं टेकून बसली, मध्ये घोंगडी. बोलायचं ते धोंडीबामार्फत. चाकणच्या रस्त्यावर त्यानं आधी आईची कॅसेट लावली. "त्या सकाळी आमचे हे बैलगाडी घेऊन चाकणच्या बाजाराला गेल्याले. घरात कोन न्हाई. चोरानं डाव साधला."

मग चिमाजीची. "सांजच्याला दादा चाकणहून आला. अंगात नवा कोरा कोट."

"थांबीव," चतुराबाई म्हणाली. "माघारी घे."

पुन्हा कोट ऐकू आला.

"कोट तर ह्ये म्हनाले, भावजींनी दिलाय," ती सावकाश म्हणाली.

"मी? मला म्हनला, तुमच्या माहेरचा हाय!"

धोंडीबानं गाडी कडेला घेतली. बाप जाऊन वर्षं लोटली होती. भिंतीवरच्या फोटोत त्याच्या अंगात तोच, घंगाळाच्या मोलाचा कोट होता, आणि त्या फोटोला धोंडीबा दर सणाला हार घालत आला होता. हसावं की मान खाली घालावी, त्याला उमगेना.

चतुराबाई वळली आणि मधल्या कैक वर्षांत पहिल्यांदा थेट दिराशी बोलली.

"कोट बघून तवाच का न्हाई बोललासा, भावजी?"

"तुमी इचारलं व्हतं का, वैनी?"

"मी इचारायचं? घरात बाप्या मानूस कोन व्हता?"

नव्या दमानं जुंपली. धोंडीबानं टेप बंद करायला हात नेला, तर दोघंही त्याच्यावरच ओरडली, "असू दे चालू!"

तो खाली उतरला आणि बाभळीखाली जाऊन बसला. काचेआड दोघांचे हात नुसते नाचत होते. भांडता भांडताच चतुराबाईनं पानाची चंची सोडली, एक पान स्वतःच्या तोंडात घातलं आणि दुसरं चिमाजीपुढं धरलं. त्यानंही ते बोलणं न थांबवता घेतलं.

तिकडं कंपनीच्या फाटकाशी मुंबईचे साहेब खोळंबले असतील, हे धोंडीबाला कळत होतं. पण या दोघांना आता गाडीतून उतरवायचं कसं, ते कळत नव्हतं.